टॉबिनच्या बुटांची टाच

तो आमच्या बूट-दुरुस्तीच्या दुकानात आला, त्याआधी मला त्याचे बूट दिसले. माझं कामाचं टेबल तळघरात आणि खिडकी रस्त्याच्या पातळीवर. त्यामुळे अख्खं स्पोकेन शहर मला घोट्यापर्यंतच ठाऊक.

बूट उलट्या चामड्याचे होते – लवदार, खरखरीत बाजू बाहेर आणि गुळगुळीत बाजू आत. खिडकीपाशी थबकले, एकमेकांवर घासले गेले... आणि जिना उतरून आत आले.

"नवे सोल लावायचेत."

"थांबा. तुमचं काम काय ते मी बुटांवरून ओळखते," मी म्हटलं. ऑर्विलकाका जेवायला गेले होते, म्हणून जीभ जरा मोकळी सुटली होती. "उलटं चामडं, त्यावर भाजल्याचे डाग... तुम्ही रानातले वणवे विझवता."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"मी चुकत नाही."

"मग मी कोण बोलणार?" तो हसला. गालावर एकीकडेच खळी पडत होती. "पण चामडं उलटं का घेतलंय, ते नाही ओळखलंत."

"ओरखडे दिसू नयेत म्हणून."

"छे. पॉलिश करायचा कंटाळा."

कामाच्या चिठ्ठीवर त्यानं लिहिलं – 'होते तसेच'. आणि पिशवीतले कापडी जोडे घालून गेला.

जुने सोल पांढरे, मऊ, चवड्यापासून टाचेपर्यंत एकसलग सपाट होते. तापल्या जमिनीवर असला सोल वितळतो. कुणा अडाण्यानं लावले असणार, असं मी ठरवून टाकलं. मग त्याला चकित करावं म्हणून काळे, खोल खाचांचे सोल घेतले, उंच टाचा बसवल्या, कडेनं दुहेरी शिलाई घातली. तीन दिवस लागले. प्रत्येक टाक्याला ती खळी आठवत होती.

तो न्यायला आला. बूट उलटे करून बघतच राहिला. काहीतरी बोलणार होता... मी श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"फार सुंदर झालेत," तो म्हणाला. मग, जिन्याच्या पहिल्या पायरीवरून – "मी टॉबिन. शनिवारी भेटशील?"

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

शनिवारी तो आलाच नाही. आला काकांचा जुना दोस्त हार्लन, नदीवरच्या नव्या पुलाचा मुकादम.

"माझा एक गडी लोखंडी तुळईवरून घसरला. टाच बोल्टच्या डोक्याला अडकली. कंबरेच्या पट्ट्यानं वाचला, मनगटावर निभावलं. ऑर्विल, लोखंडावर चालणाऱ्याच्या बुटाला टाच कुणी लावली?"

डाग वणव्याचे नव्हते, वेल्डिंगच्या ठिणग्यांचे होते. तुळईवर चालणाऱ्याला सपाटच सोल लागतो, कुठेही न अडकणारा... हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं.

काका माझ्याकडे वळले. "लीनेट?"

"त्यानंच मागितली," मी म्हटलं.

"मग मूर्ख आहे," हार्लन म्हणाला. "असल्याला मी पुन्हा वर चढवणार नाही. बसू दे खाली बोल्ट निवडत."

तो जिना चढून गेला आणि मी खिळ्यांचा डबा उगीचच पुन्हा लावायला घेतला. तीन दिवस मला घास गेला नाही.

मंगळवारी टॉबिन आला. हाताला प्लास्टर, काखेत बूट.

"काय रे, टाच तू मागितलीस?" काकांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळं कळलं त्याला – तेवढ्या एका क्षणात.

"हो," तो म्हणाला. "दिसायला... बरी वाटली."

तो ओरडला असता तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. पण तो माझं खोटं गुपचूप आपल्या अंगावर घेऊन उभा राहिला. माझे कान भाजायला लागले.

"काका, खोटं आहे," मी म्हटलं. "चिठ्ठीवर 'होते तसेच' होतं. मी तोऱ्यात टाच लावली. आणि वर याच्यावर ढकललं."

काकांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"मला सांगून त्याचं काम परत मिळणार नाही. हार्लनला सांग. जा."

मी निघाले. टॉबिन मागोमाग.

"नको जाऊस. वर्षभर चिडवतील तुला."

"तुला चिडवत नाहीत?"

"टाचवाल्या म्हणतात," तो पुटपुटला. "सवय होते."

पुलाखाली जेवणाची सुट्टी होती. तीसेक माणसं डबे उघडून बसलेली. मी हार्लनसमोर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, अडखळत, सगळं सांगितलं. कुणी घास चावेना.

"बरं," हार्लन शेवटी म्हणाला. "ती टाच काढून सपाट सोल लाव. मनगट जुळलं की येऊ दे वर." मग त्यानं टॉबिनकडे बोट केलं. "पण तू? तुला दिसत नव्हती का टाच?"

टॉबिन मानेपर्यंत लाल झाला.

"दिसली. पण ती... अशी बघत होती माझ्याकडे. बोलवेना."

तीस माणसं हसली. कुणीतरी डब्याचं झाकण वाजवलं. आम्ही दोघंही खाली बघत उभे – मी माझ्या खोटेपणानं, तो त्याच्या खरेपणानं.

"चिडलास ना?" मी हळूच विचारलं.

"हो. शनिवारपासून." मग जरा थांबून – "पुढच्या वेळी मी लगेच तोंडावर सांगेन."

"पुढची वेळ... आहे?"

तो लाकडांच्या ढिगावर बसला. चांगल्या हातानं आपला डबा उचलून पलीकडे ठेवला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवरचा भुसा सावकाश झाडला.

सगळे बघत होते. तरी मी बसले.