माईकची बहिरी बाजू

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण सुदर्शन माझा मामेभाऊ आहे आणि थापा मारणं त्याला जमत नाही. आयुष्यात दोनदाच मारल्या. त्या दोन थापांचीच ही गोष्ट.

आणि रात्रीची वाट बघू नका. इथे अमावास्या नाही, स्मशान नाही. खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर, दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात हे घडलं.

सुदर्शन जव्हारचा. घरात सगळे शिक्षक, हा एकटाच आवाजाच्या नादी लागलेला. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एका संस्थेने त्याला लग्नातली जुनी गाणी रेकॉर्ड करायला पाठवलं. गाणाऱ्या दोघी, चैती आजी आणि पुतळी आजी. पाड्यावरची सगळी लग्नं या दोघींनीच गाऊन लावलेली. चैतीने ओळ टाकायची, पुतळीने उचलायची. चाळीस वर्षं असंच चाललेलं.

पुतळी आजीला दमा होता.

सुदर्शनने आधी छोट्या डायफ्रामचे दोन माईक लावले. दिसायला बोटाएवढे, पण कान फार तिखट. बांगडीची किणकिण, कुडामागची कोंबडी, सगळं टिपतात. पुतळीच्या छातीतली घरघरही त्यांनी टिपली. प्रत्येक ओळीआधी... घर्र... घर्र...

वैतागून त्याने ते काढले आणि रिबन माईक लावला. हा माईक पुढून ऐकतो, मागून ऐकतो. डाव्या-उजव्या बाजूला मात्र ठार बहिरा.

मग त्याने पुतळी आजीला हाताला धरून नेमकं त्या बहिऱ्या बाजूला बसवलं.

"आजी, इथे बसा. इथून आवाज सगळ्यात छान येतो."

म्हातारी खूश! तीन तास जीव तोडून गायली. शेवटी धापा टाकत म्हणाली, "धाकलीच्या लग्नाला मी काय ऱ्हात नाय. तवा ह्येच वाजवा." धाकली तिची नात. मग तिने विचारलं, "आला का रं माजा आवाज?"

"आला, आजी. मस्त आला."

ही पहिली थाप. घरी येऊन त्याने पुतळीची उरलीसुरली कुजबूजही पुसून टाकली.

श्रावणात पुतळी आजी गेली.

वैशाखात धाकलीचं लग्न ठरलं. तिने मोबाईलवर गाणी लावून बघितली आणि सुदर्शनला फोन केला. "दादा, ह्यात आमची आजी कुठंच नाय."

खरं सांगायचं म्हणून त्याने तोंड उघडलं. बाहेर पडलं ते भलतंच. "मशीन बिघडली होती गं."

दुसरी थाप. स्वतःचीच इतकी लाज वाटली की दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सामान घेऊन तो पाड्यावर हजर झाला.

चैती आजी म्हणाली, "बिघडली तं परत भर. तिची वळ मी मोकळी सोडीन. जोडीदारीण गेली का वरीसभर तिची वळ दुसरीनं उचलायची नसते."

तेच घर. तोच माईक. धाकलीने आजीची गोधडी अंथरली... अगदी त्याच जागी. तिला काय ठाऊक!

चैतीने ओळ टाकली. थांबली.

शांत.

दुसरी ओळ टाकली. थांबली.

शांत.

तिसऱ्या ओळीनंतर हेडफोनमध्ये...

घर्र... घर्र...

सुदर्शनने मान वळवली. गोधडी रिकामी. धाकली चुलीपाशी तांदूळ निवडत बसलेली, तोंड मिटलेलं.

आणि कोणीतरी ओळ उचलली.

त्याने घाईघाईने छोटे माईक लावले. कोंबडी ऐकू आली, बांगड्या ऐकू आल्या. चैतीने सोडलेल्या जागेत काहीच नाही. परत रिबन लावला. पुतळी गात होती. त्याने रिबनचं तोंडच गोधडीकडे फिरवलं.

काहीच नाही.

बहिरी बाजू गोधडीकडे केली...

पुतळी गात होती.

तीन तास त्याने ते ऐकलं. उठायची हिंमत झाली नाही. चैती आजीला सांगायचीही झाली नाही.

लग्नात मांडवात त्या दुपारचं रेकॉर्डिंग लावलं आणि स्पीकरवर दोघी गायल्या. बायांनी डोळ्यांना पदर लावले. धाकली हळदीच्या अंगाने धावत आली. "दादा, सापडला तुला आजीचा आवाज!" म्हणत पाया पडायला वाकली. सुदर्शनने पाय मागे घेतले. मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं त्यानेच मला सांगितलं.

शेवटचं गाणं संपलं. स्पीकर खरखरला. आणि सगळ्या मांडवासमोर...

"आला का रं माजा आवाज?"

लगेच सुदर्शनचा आवाज. "आला, आजी. मस्त आला."

लोक कौतुकाने हसले. जुनं रेकॉर्डिंग असेल, असं त्यांना वाटलं. पण त्या दुपारी सुदर्शन एक शब्दही बोलला नव्हता. आणि पहिल्या वेळी हे बोलणं झालं तेव्हा मशीन बंद होतं.

चैती आजी हसली नाही. त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तवा खोटं बोललास ना रं? सांगून टाक पुतळीला."

त्याने मान खाली घातली. सांगितलं नाही. धाकलीलाही नाही.

घरी येऊन त्याने फाईल पुन्हा लावली. पुतळीचा प्रश्न होता. त्याचं उत्तर मात्र गेलं होतं. पुढे नुसती मोकळी जागा. चैती सोडायची तशीच... कोणीतरी उचलेल म्हणून सोडलेली.

मागच्या आठवड्यात मी स्वतः ऐकलं. ती जागा आता चार मिनिटांची झाली आहे.

आणि त्यात कोणीतरी श्वास घेत थांबलं आहे.

घर्र... घर्र...