साडेएकवीस हजारांचा डावा आरसा

रविवारी सकाळपासून छगनने शाळेच्या फाटकापुढची माती तीनदा न्याहाळली. काचेचा एक कण सापडेल तर शपथ! तरी त्याच्या पायांना स्वस्थता नव्हती. त्याची पुतणी ज्योती कोल्हारमधल्या एका शाळेची व्हॅन चालवायची. उद्या सकाळपर्यंत साडेएकवीस हजार भरले नाहीत, तर ती व्हॅन दुसऱ्याच्या हाती जाणार होती.

भानगड आरशाची होती. शनिवारी सकाळी खतांचे व्यापारी सूर्यभानशेठ शाळेच्या मीटिंगला आले, तेव्हा त्यांच्या नव्या गाडीच्या डावीकडे ज्योतीची व्हॅन उभी होती. दुपारी घरी त्यांना डावा आरसा फुटलेला दिसला. शेजारी दुसरं वाहनच नव्हतं, म्हणजे गुन्हेगार ठरलाच. शाळा सुटताना पायीच फाटकात जाऊन त्यांनी चार पालकांदेखत पोरीला नको नको ते ऐकवलं. शाळेनेही तिला बजावलं, सोमवारी सकाळपर्यंत नव्या आरशाचे पैसे भर, नाहीतर व्हॅन सोड.

"तात्या, मी घासली असती तर मीच सांगितलं असतं की," ज्योती एवढंच म्हणाली. तेव्हापासून तिच्या पोटात अन्न नव्हतं, आणि ते छगनला बघवत नव्हतं.

म्हणून त्याने राहुरीहून मनकर्णाताईंना बोलावलं. वीस वर्षं विम्यासाठी अपघाताच्या गाड्या तपासलेली ही बाई आता खासगी चौकशा करायची. बोलणं कमी, बघणं जास्त. छगनचं नेमकं उलटं होतं.

ज्योतीला व्हॅनपाशी थांबवून दोघं सूर्यभानशेठच्या अंगणात शिरले. गाडी उलटी आत घेऊन लावलेली होती, डावी बाजू भिंतीपासून जेमतेम हातभर. एवढ्या अडचणीत गाडी घातली कशी, असं छगन सहज म्हणाला आणि शेठ फुलले.

"कॅमेऱ्यावर आपला भरवसा न्हाई. डाव्या आरशात भिंत बघायची आन् एका दमात मागं घ्यायची. काल शाळेतनं आल्यावर लावली, तवापासून हलवली न्हाई."

कुलूप मात्र लगेच लावलं नव्हतं. ते जेवता जेवता आठवलं, मग खिडकीतूनच बटण दाबलं, असं त्यांनी सांगितलं आणि तसंच आत्ता दाबून दाखवलं. उजवा आरसा आपोआप मिटला. डावा नुसता करकरला. आतल्या मोटारीचे दाते तुटले आहेत, नुसती काच बसणार नाही, अख्खा आरसाच बदलावा लागेल, असं शोरूमवाल्याने फोटो बघून आणि फोनवर ती करकर ऐकून कळवलं होतं.

मनकर्णाताई भिंतीच्या फटीत आडव्या शिरल्या. आरशाच्या बाहेरच्या प्लास्टिकवरून त्यांनी बोट फिरवलं. एक ओरखडा नव्हता. सांध्यात काळ्या दोऱ्याचा तंतू अडकला होता, तो त्यांनी हळूच काढला. खाली एक हिरवी मिरची पडली होती. भाजीतली असेल म्हणून छगनने ती पायाने बाजूला सारली.

"गाडीला लिंबू-मिरची बांधता का?" ताईंनी विचारलं.

"असली थेरं मला चालत न्हाईत. आईला बजावून ठिवलंय."

आई, म्हणजे दगडाबाई, चहा घेऊन आल्या. त्यांच्या बोटाला चिंधी होती. विळीने कापलं म्हणाल्या. सून माहेरी गेलेली, त्यामुळे काल घरात मायलेकच होते. कालच्या शनिवारी अमावास्या होती ना, हेही ताईंनी बोलता बोलता विचारून घेतलं. व्हय म्हणून दगडाबाई भरलेल्याच कपबश्या परत उचलायला लागल्या. वय झालं, छगनला वाटलं.

त्याला आता राहवेना. उद्याची सकाळ जवळ येत होती आणि ही बाई अमावास्येच्या गप्पा मारत होती! तो दोनदा अंगणाच्या दारापर्यंत जाऊन आला.

"येरझाऱ्या पुरे, छगनभाऊ," ताई म्हणाल्या. "ज्योतीला आत बोलवा. हे तिच्यासमोर व्हायला हवं."

ज्योती आली, दाराशीच उभी राहिली.

"शेठ, काल डाव्या आरशात भिंत बघून तुम्ही गाडी लावली. म्हणजे शाळेतून आरसा धडधाकट घरी आला. जे झालं ते इथे, या भिंतीपाशी."

शेठनी वळून भिंतीकडे बघितलं.

ताई शांतपणे पुढे सांगत गेल्या. व्हॅन घासली असती तर प्लास्टिक सोलवटलं असतं. इथे बाहेर ओरखडा नाही आणि आतले दाते मात्र तुटले. म्हणजे आरसा मिटत असताना कशाने तरी अडला होता. त्यांनी काळा तंतू पुढे धरला. शनिवारची अमावास्या, नवी गाडी, नजर लागू नये म्हणून घरातल्याच कुणीतरी लिंबू-मिरची बांधली. पुढे बांधली तर शेठ रागावतील, म्हणून भिंतीकडच्या आरशाच्या मानेला, दिसणार नाही अशी. तेवढ्यात शेठनी खिडकीतून बटण दाबलं. आरसा मिटायला निघाला, दोरा सोडेना.

"घाबरून दोरा ओढला, तशी काच निखळून पडली. ती उचलताना बोट कापलं. ते विळीवर कापलेलं नाही."

सगळ्यांची नजर चिंधीवर गेली. दगडाबाई पायरीवर बसल्या.

"मी सांगनारच हुते," त्या लेकाला म्हणाल्या. "पन तू त्या पोरीला काय काय बोलून आलास ते घरी येऊन सांगितलंस. म्या म्हनलं, आता माझं काय करशील."

शेठनी शाळेला फोन करतो म्हणून मोबाईल काढला. मनकर्णाताईंनी नकारार्थी मान हलवली. "बोललात फाटकात, परत घ्यायचं तेही फाटकातच."

सोमवारी छगन सहापासूनच फाटकाशी येरझाऱ्या घालत होता. व्हॅन आली ती ज्योतीच्या शेजारी दगडाबाईंना घेऊन. मागून शेठची गाडी, एकाच आरशाची. पालकांदेखत दगडाबाईंनी सांगितलं, आरसा म्या फोडला. शेठनी ज्योतीपुढे हात जोडले, आवाज अगदी खाली आला होता.

निघताना दगडाबाईंनी ओच्यातून लिंबू-मिरची काढली आणि व्हॅनकडे बघत ज्योतीला विचारलं, बांधू का.

"बांधा की आजी," ज्योती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "पन आरशाला नको."

तेव्हा कुठे छगन फाटकाच्या कट्ट्यावर टेकला.