बंद दारामागची शांतता

सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या, म्हणून त्या सकाळी सात महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊनच मी स्टुडिओत गेले. चांगल्या आया असं करतात का, मला ठाऊक नाही. आवाजाचं काम मात्र मला येतं. त्याबद्दल शंका नको.

सिनेमा आधीच बदनाम झालेला. एका बाईचं शरीर आतून बदलत जातं. दिग्दर्शकाने रक्तामांसाची सगळी दृश्यं काढून टाकली होती. उरलं होतं बाथरूमचं बंद दार. चाळीस सेकंद.

"इथे किंकाळी टाकूया?" दिग्दर्शकाने विचारलं.

"किंकाळी आली की प्रेक्षक सुटला. काही ऐकवूच नकोस. बाकीचं तो स्वतःच्या अंगात चाचपत बसेल."

"बाळंतपणानंतर धीट झालीस गं."

"झोप नाही रे, म्हणून."

पण आवाज नुसता बंद केला की पडदा मेल्यासारखा वाटतो. रिकाम्या खोलीलाही स्वतःची शांतता असते. ती टिपून दृश्याखाली अंथरावी लागते. बाजूच्या खोलीत लेक झोपली होती. दुसरी खोली शोधायचा मला कंटाळा आला. तिथेच माइक लावला, दार ओढलं आणि बाहेर थांबले. तिचे श्वास नंतर पुसता येणार होते.

पुसलेही, एकेक करून. खाली काहीतरी उरलं. बारीक, कोरडं... दातावर दात फिरावा तसं.

दिग्दर्शकाने हेडफोन लावला. त्याचा चेहरा उतरला.

"हे कशाने केलंस?"

"मी नाही केलं..."

"काढू नकोस. हेच हवंय."

लेकीला अजून एकही दात आलेला नाही.

पंखा असेल, पाइप असेल, असं म्हणत मी आत गेले. ती जागी होती. मला बघून हसली. हिरड्या गुलाबी, कोऱ्या. तरी बोट घालून पाहिलं. वर मऊ. खाली मऊ. मी पण ना, एक नंबरची शंकेखोर. बोट जरा मागे सरकलं, जिभेच्या मुळाशी... आणि थांबलं.

दुसऱ्या हातात मोबाइल होता. बॅटरी लावून बघता आलं असतं. मी लावली नाही.

तिने दोन्ही मुठींनी माझं मनगट धरलं आणि हळूच आणखी आत ओढलं.

सासूबाईंना अजून काही बोलले नाहीये. नातीला भरवायचं काम मात्र आता त्यांना करू देत नाही. आणि चमचा मी लांब दांड्याचा आणलाय.