माहूरच्या डोंगरातला खारा जंतू

माहूरच्या डोंगरात समुद्रातला जंतू राहतो, हे नांदेडच्या प्रयोगशाळेत कुणाला खरंच वाटेना. तो जिवंत आणून दाखवायचा म्हणून आम्ही तिघं निघालो. मी तनुजा, माझी जोडीदार अलीझा आणि डोंगराची खडान्खडा माहिती असलेले शेषेरावमामा.

वर्षापूर्वी एका खाऱ्या झऱ्यात तो मला सापडला होता. प्रजाती, म्हणजे जंतूचं आडनाव, समुद्रातलीच. सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या काडीसारखा आकार, टोकाला एक शेपूट, आणि मिठाशिवाय जगायचं नाही हा हट्ट! जाती, म्हणजे त्याचं स्वतःचं नाव, मात्र कुठल्याच नोंदीत बसेना. वाढवलेले जंतू फ्रीज बिघडून मेले, आणि जिवंत वाण जंतूंच्या संग्रहालयात जमा केल्याशिवाय नव्या जातीला नाव देता येत नाही. माझी पीएचडीची पाच वर्षं त्या नावाला टांगलेली होती. त्यात झरा आटत चाललेला.

सागाच्या वाळल्या पानांवरून चालताना मी गुंगीतच होते. मी लातूरची, समुद्र कधी पाहिलेला नाही. पण त्या दुपारी पायाखालचा डोंगर संथ हेलकावतोय, वाऱ्यालाही खारट वास येतोय, असं वाटत राहिलं. मला ते फार आवडलं.

कडा आला. दोर सोडला. मी उतरले. झरा करंगळीएवढा! बाटली जेमतेम चार बोटं भरली, तोच डोक्यावरचं आग्यामोहोळ उठलं! मी खडकाला चिकटले. श्वास रोखला. एक डंख. दोन. तीन! अलीझानं आणि मामांनी मला खेचून वर घेतलं.

सावलीत माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाटली काठोकाठ भरलेली. अर्धं भांडं घरी नेऊ नये म्हणतात, म्हणून मामांनी मायेनं आपल्या कॅनमधलं गोड पाणी तीत ओतलं होतं. गोड्या पाण्यात हे जंतू फुगतात आणि फुटतात. मी ढसाढसा रडले.

अलीझानं समजावून सांगितल्यावर मामा दोर कमरेला बांधू लागले. खाली मोहोळ अजून घोंगावत होतं. मला ते नाव हवं होतं, फार हवं होतं. क्षणभर मी त्यांना अडवलं नाही, त्याची अजून लाज वाटते. मग उठून मी गाठ सोडली.

"तुमचं काम हाय ना, ताई."

"हाय. पण तुम्ही खाली जायचं न्हाई."

नांदेडला आठवडाभर मी रोज जंतू वाढवायच्या प्लेटा पाहिल्या. काहीच उगवलं नाही. तोवर झराही आटला. प्रबंधात प्रजातीचं नाव लिहिलं आणि त्यापुढची जातीची जागा कोरी सोडली.

एके दिवशी मामांचा फोन आला. आवाज पार खाली गेलेला.

"ताई, वाचले का व्हो ते जंतू?"

"आपण तिघंबी वाचलो, मामा," मी म्हणाले.