येते म्हणावं

पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर, जप्त केलेल्या सायकलींच्या खोलीला लागून, एक टेबल, एक फोन आणि एक जाड वही होती. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला ऑपरेटरबाई तिथे येऊन बसायच्या, चष्मा पुसायच्या आणि पहिला नंबर लावायच्या. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई! निवृत्त झाल्या तरी कानाला रिसीव्हर नसला की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

योजनेचं नाव होतं 'हाक'. वस्तीत वर्षभरात चार म्हाताऱ्यांची घरं दिवसाढवळ्या लुटली गेली, तेव्हा ठाण्याने ती सुरू केली. एकट्या राहणाऱ्यांना रोज फोन करायचा आणि विचारायचं, "सगळं ठीक ना?" आता चोर सुरा घेऊन शेजारीच उभा असला, तर माणूस ठीक नाही म्हणणार कसा? ही शंका बाईंनीच काढली आणि तोडगाही त्यांनीच सांगितला. घरातून निघताना आपण कधी 'जाते' म्हणतो का? जीभच वळत नाही. आपण म्हणतो 'येते'. मग फोन ठेवताना सगळं ठीक असलं तर 'येते' म्हणायचं, आणि कुणी घरात घुसलेलं असलं तर 'जाते'. ऐकणाऱ्या चोराला वाटेल, म्हातारीची जीभ घसरली. हवालदार तर खूशच झाले. म्हणाले, "बाई, तुम्ही पोलिसात यायला हवं होतंत."

वहीत अकरा नावं होती. सातवं बाईंच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं. ताई म्हणजे निवृत्त नर्स, हाताला हलकी आणि जिभेला तिखट. अकरावं नाव खुद्द बाईंचं, कारण त्याही एकट्याच. स्वतःला फोन कोण करणार? म्हणून काम आटोपलं की त्या हवालदारांना तोंडानेच "येते" म्हणायच्या आणि हवालदार ते वहीत लिहायचे.

ताईने या शब्दाची पार थट्टा केली होती. दोनदा मुद्दाम "जाते" म्हणाली. दोन्ही वेळा शिपाई जिने चढून धापा टाकत पोचले, तर ही दारात चहाचे कप घेऊन उभी! "बघितलं, किती वेळ लागतो ते," म्हणाली. हवालदार बाईंना काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलला. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार महिन्यांपूर्वी ताईने विचारलं, "मी तुझ्याकडे राहायला येऊ का गं? एकटीला भीती वाटते हल्ली." बाई म्हणाल्या, "दोन खोल्यांत दोघी कशा मावणार? बघू." ताई निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर ती अगदी हळू म्हणाली, "ठीक आहे. जाते."

बाईंनी रिसीव्हर ठेवला. रुसलीये, टोमणा मारतेय, त्यांना वाटलं. पुन्हा शिपाई पाठवा, पुन्हा ते चहाचे कप, पुन्हा हवालदारांचा तो चेहरा. त्यांनी पेन उचललं आणि सातव्या ओळीत लिहिलं, 'येते'.

दुपारी शेजारणीला दार उघडं दिसलं. ताई स्वयंपाकघरात पडली होती. फोनची वायर गळ्याला तशीच होती.

हवालदारांनी वही उघडून विचारलं, "येते म्हणाल्या होत्या ना?"

बाई म्हणाल्या, "हो."

"ऐन वेळी शब्द आठवला नसेल बिचारीला," हवालदार म्हणाले. चोर काही सापडला नाही. झाकली मूठ झाकलीच राहिली. सातव्या ओळीवर काट मारायला मात्र बाईंचा हात धजेना.

या सोमवारी त्यांनी आठव्या नंबरला फोन लावला. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, माणूस अगदी नेमका बोलणारा.

"आज सात वाजून दहा मिनिटांनी एक नर्सबाई येऊन गेल्या," ते म्हणाले. "नाडी बघितली. हात काय गार हो त्यांचा!"

"अनोळखी माणसाला दार उघडलंत? किती वेळा सांगायचं?" बाई कडाडल्या.

"उघडलं नाही हो," आजोबा गोंधळून म्हणाले. "कडी लावलेलीच होती. आत्ताही आहे. आणि जाताना चक्क 'जाते' म्हणाल्या. असं कुणी म्हणतं का?"

शिपाई जाऊन आला. कडी आतून होती. टेबलावर अर्धं प्यालेलं पाणी होतं.

मंगळवारी नववा नंबर. शिवणकाम करणाऱ्या आजी. त्यांच्याकडेही नर्सबाई आल्या होत्या. "एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर! मी म्हटलं, काढा की. तर नाही म्हणाल्या. आवाज थेट तुमच्यासारखा हो. विचारत होत्या, दोन खोल्यांत दोघी मावतात का?"

बाईंनी वहीत 'येते' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

बुधवारी दहावा नंबर, गणिताचे मास्तर. "मी त्यांना सांगितलं, जाते म्हणू नये, येते म्हणावं. तर म्हणतात कशा, मी बरोबरच म्हणते, लिहिणारी चुकीचं लिहिते. आता याचा अर्थ काय लावायचा?"

आठ, नऊ, दहा. सरळ हिशेब होता. बाई त्या रात्री दिवा लावून बसून राहिल्या. कुणी आलं नाही.

गुरुवारी उरलेले नऊही फोन झाले. नऊही जण ठीक होते. बाईंनी अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. घराला कुलूप होतं, किल्ली पर्समध्ये होती. मनाची समजूत घालायला, बस्स एवढ्यासाठीच, त्यांनी स्वतःच्या घरचा नंबर लावला.

तिसऱ्या घंटीला कुणीतरी उचलला.

छत्तीस वर्षांची सवय. तोंडातून आपसूक निघालं, "सगळं ठीक ना?"

"ठीक." घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज. पण ओळखीचा. "तुझं कपाट थोडं सरकवलं. होते बघ जागा."

बाईंना फोन ठेवून द्यावासा वाटला. तरी त्या थांबल्या. शब्द ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, हा त्यांचाच नियम.

"येतेही नाही आणि जातेही नाही," आवाज म्हणाला. "आता राहते."

फोन बंद झाला.

हवालदार दारात चहाचा ग्लास घेऊन उभे होते. "झालं का बाई?"

सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? सांगायचं तर सातव्या ओळीपासून सांगावं लागलं असतं. बाईंनी पर्स उचलली. दारापाशी त्या थांबल्या, हवालदारांच्या डोळ्यांत बघितलं आणि एकेक अक्षर सावकाश म्हटलं, "हवालदार, मी जाते."

हवालदार हसले. "अहो बाई, भर पोलीस ठाण्यात कोणता चोर घुसलाय? ताईंसारखी थट्टा करायला लागलात की काय! जाते म्हणू नये, येते म्हणावं."

बाई जिन्यावर थांबून राहिल्या. वर खुर्ची सरकली. हवालदारांनी वही ओढली आणि अकराव्या ओळीत, नेहमीच्या सुबक अक्षरात, लिहिलं, 'येते'.