सोवळ्याने गाळलेला निरोप

या पेशींना लठ्ठ व्हायला झालंय तरी काय? ऋजुता सूक्ष्मदर्शकात डोकवायची, उठायची, मंगळवसाहतीच्या त्या चिमुकल्या प्रयोगशाळेत येरझारा घालायची आणि पुन्हा डोकवायची. बशीतल्या पेशी आपल्या लांबट, सडपातळ आणि ढिम्म!

तिच्या धाकट्या भावाची, अद्वयची, टाच यंत्राखाली चिरडली होती. टाचेखालची चरबीची गादी नसली, की पाऊल टेकताच हाड ठणकतं. म्हणून त्याच्याच पोटातून काढलेल्या पूर्वपेशींपासून (पुढे चरबीच्या पेशी होऊ शकणाऱ्या कोवळ्या पेशी) आजोबा नवी गादी वाढवत होते. जखम फार दिवस उघडी ठेवता येणार नव्हती. गादी झाली नाही, तर अद्वय जन्मभर लंगडणार होता.

"आजोबा, मागच्या चाचणीत अशाच पेशी गोबऱ्या झाल्या होत्या. मग आता काय बदललं?"

"खुराक तोच, ऊब तीच. डोकंच चालेनासं झालंय बघ," आजोबा कपाळ चोळत म्हणाले.

ऋजुता गर्रकन वळली. कोपऱ्यात त्यांचा यंत्रमानव चकचकीत बाटल्या पुन्हा पुसत होता. या धुवाधुवीमुळेच आजोबांनी त्याचं नाव सोवळ्या ठेवलं होतं.

"सोवळ्या, पेशींच्या खुराकाला तू काही केलंस?"

"कोळशाच्या चाळणीतून गाळला. अगदी शुद्ध केला," तो ऐटीत म्हणाला.

"अरे कर्मा!" आजोबा ओरडले. "सुक्याबरोबर ओलंही जाळलंस! त्यातल्या रक्तद्रवात सेरोटोनिन होतं (पेशींना निरोप देणारं एक रसायन). तेही कोळशाने शोषलं."

"पण ते तर मेंदूत असतं ना? त्याचं टाचेत काय काम?"

"मेंदूत असतं, पण शरीरातलं बरंचसं तयार होतं आतड्यात. हे बघ, मधल्या सुट्टीची घंटा एकच वाजते. मुलं डबे उघडतात, बाई चहाला जातात. तसे पेशींवर ग्राही असतात (निरोप झेलणारे रेणू). ज्याचा ग्राही जसा, तसं त्याचं काम. या पूर्वपेशींना सेरोटोनिन इतर निरोपांच्या जोडीने सांगतं, 'चला, आता चरबीची पेशी व्हा.'"

"म्हणजे घंटाच वाजली नाही! मग वाजवा ना लवकर!"

आजोबांनी खुराकात सेरोटोनिन मिसळलं. त्यानंतर ऋजुताला ना जेवण गोड लागलं, ना झोप. शेवटी एका सकाळी पेशींच्या पोटात तेलाचे इवले थेंब चमकले, आणि तिला रडूच फुटलं.

"आजोबा, नको तिथे चरबी वाढत असेल, तर हाच निरोप अडवता येईल?" तिने नाक पुसत विचारलं.

"शोध चालू आहे. तू मोठी होईपर्यंत काही उरलंच, तर तू लाव."

शस्त्रक्रिया झाली, जखम भरली. अद्वयने डोळे घट्ट मिटून पाऊल टेकवलं. मग एक डोळा उघडला.

"ताई, दुखत नाही गं!"

सोवळ्या फडकं घेऊन धावला. "फरशीवर पाऊल उमटलं! पुसू?"

"खबरदार!" ऋजुता आडवी उभी राहिली.