अर्धा फेरा

यात पदरचं एक अक्षरही नाही.

नोव्हेंबर १९८७. गुरुवार, दुपारचे चार. ओहायोत, लायमा गावाबाहेर आमचं गॅरेज. डॅड, म्हणजे ऑर्विल, आणि मी, दोघंच.

अडेला केसेल बाईंनी ती गाडी ओढून आणली. चौसष्टची, पिस्ता रंगाची, ऑटोमॅटिक. त्यांच्या मेलेल्या बहिणीची... व्हर्नाची.

"गिअर टाकला की बंद पडते," बाई म्हणाल्या. "आठ वर्षं कोठारात होती. व्हर्ना म्हणायची, ऑर्विलचं काम म्हणजे चुटकीसरशी. या वेळी सावकाश होऊ दे हं."

त्या गेल्या. डॅड माझ्याकडे बघेनात.

आठ वर्षांपूर्वी व्हर्ना हीच तक्रार घेऊन आली होती. हवेचा पाइप चिरलेला. गिअरचा दांडा झिजलेला, गाडी जागीच रोखणाऱ्या 'पार्क'मध्ये नीट बसत नव्हता. काम दोन दिवसांचं. पण दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होत होता. डॅडनी आयडलिंगचा स्क्रू फिरवला आणि उभ्या गाडीचं इंजिन नुसतं जोरात पळतं ठेवलं.

"अर्धा फेरा, बाकी देवावर." त्यांचं नेहमीचं पालुपद.

चौथ्या दिवशी व्हर्ना गाडी चालू ठेवून कोठाराचं दार लावायला मागे गेली.

दांडा सरकला... गाडी मागे आली.

शेरिफ म्हणाले, व्हर्नाबाईंनी गिअर नीट टाकला नसेल.

आम्ही गप्प राहिलो. कामाच्या चिठ्ठीवर 'दांडा तपासला, ठीक' असं लिहिलेलं होतं. डॅडनी सांगितलं, मी लिहिलं.

डॅड गाडीत बसायला गेले. गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पार पुढे ओढलेली.

व्हर्ना बुटकी होती.

त्यांनी सीट मागे ढकलली. बॉनेट उघडून परत आले, तर... सीट पुढे.

"तू ओढलीस का गं?"

"मी हातही लावला नाही."

सीट तिसऱ्यांदा पुढे आली, तेव्हा त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवशी डॅडनी सगळं नीट केलं. पाइप नवा, दांड्याचा जोड नवा. शेवटी स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला. इंजिन पहाटेच्या जात्यासारखं हळू घरघरू लागलं.

मग... कुणी हात न लावता आवाज चढत गेला.

"बंद कर, पोरी."

मी चावी काढून घेतली.

इंजिन चालूच.

"जुन्या गाड्या खोकतात अशा," डॅड म्हणाले. पण ते खोकणं नव्हतं. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबून इंजिन गुदमरवायला ते मागे गेले. त्यांच्या पाठीशी लोखंडी टेबल.

"व्हर्ना," ते हळूच म्हणाले, "चुकलं माझं."

आवाज उतरला... मऊ झाला. मला वाटलं, क्षमा मिळाली.

कट्.

माझ्या डोळ्यांदेखत दांडा 'पार्क'मधून 'रिव्हर्स'वर गेला.

डॅडना टेबलाशी दाबून धरून गाडी किती शांत चालत होती... निजलेल्या बाळाच्या श्वासासारखी.

शेरिफ म्हणाले, गिअर नीट टाकला नसेल.

दफनानंतर अडेला बाई नूडल्सचं झाकलेलं भांडं घेऊन आल्या. "व्हर्नाही गिअर नीटच टाकायची, पोरी," एवढंच बोलल्या. गाडी न्यायला मात्र कधी आल्या नाहीत.

मी तिची चाकं काढली, बॅटरी काढली. रोज सकाळी काचेतून बघते. इतकी वर्षं सीट पुढेच होती.

काल ती हललेली दिसली.

ना बुटक्या व्हर्नाच्या मापाची, ना उंच डॅडच्या...

माझ्या.